५४ दिवसांचे ४७ कसे झाले?

अमेरिकेच्या केंद्रीय तुरुंगात नीट वागणाऱ्या कैद्याला वर्षाला ५४ दिवसांपर्यंत सूट मिळते. आपल्या तुरुंगांत जिला माफी म्हणतात, तसाच हा प्रकार. शाळा अर्धवट सोडलेल्याने ती पूर्ण करायचं मनावर घेतलं नाही, तर ४२ दिवसच. १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना तिथे पॅरोल (आपल्यासारखी तात्पुरती रजा नव्हे, तर मुदतीआधी देखरेखीखाली सुटका) नाही, म्हणून या दिवसांना फार मोल.

पण वर्ष कोणतं धरायचं? न्यायाधीशाने ठोठावलेलं, की प्रत्यक्ष आत काढलेलं? तुरुंग विभाग दुसरं धरायचा. मग १० वर्षांच्या शिक्षेचा हिशेब असा: आत क्ष वर्षं काढली, त्यांवर ५४ क्ष दिवस सूट, दोन्ही मिळून १० वर्षं. क्ष येतो सुमारे ८.७१ आणि सूट ४७० दिवस. वर्षाला ४७च! सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हीच मोजणी मान्य केली. २०१८ च्या फर्स्ट स्टेप कायद्याने ठोठावलेली शिक्षा धरायला सांगितलं, तेव्हा सूट ५४० दिवसांवर गेली. जुलै २०१९ मध्ये एवढ्या फरकावर ३ हजारांहून जास्त कैदी बाहेर आले.

सूट लागू होते ती एक वर्षाहून मोठ्या शिक्षेला. म्हणून तिथले वकील अशिलासाठी चक्क एक दिवस जास्त मागतात. ३६६ दिवसांतून ५४ गेले, उरले ३१२; नेमक्या एका वर्षाला मात्र पुरे ३६५. जन्मठेपेला सूट शून्य.

गंभीर गुन्ह्यांना खरा चाप लागतो तो सवलतीचे दिवस जमा होण्याच्या दुसऱ्या खात्यात. ठरवून दिलेलं प्रशिक्षण किंवा काम केलं, की दर ३० दिवसांमागे १० दिवस जमा होतात. पुन्हा गुन्ह्याचा धोका सलग दोन तपासण्यांत कमी आढळला तर १५. यातून सुटका जास्तीत जास्त १२ महिने अलीकडे येते, उरलेले दिवस घरच्या नजरकैदेत किंवा हाफवे हाउसमध्ये (सुटकेआधी तुरुंगाबाहेर राहण्याच्या निवासगृहात) काढता येतात. पण कायद्यात वगळलेल्या गुन्ह्यांची लांबलचक यादी आहे. त्यातलं कलम लागलं, की हे खातं बंद. चांगल्या वागणुकीचे ५४ दिवस मात्र चालू राहतात.

घोळ होतो तो जोडशिक्षेत. समजा, अमली पदार्थांसाठी ५ वर्षं आणि त्या धंद्यात पिस्तूल बाळगल्याबद्दल आणखी ५. पिस्तुलाचं कलम यादीत आहे. तुरुंग विभाग दोन्ही शिक्षा मिळून एकच १० वर्षांची मुदत धरतो, त्यामुळे पहिल्या ५ वर्षांतल्या प्रशिक्षणाचाही एक दिवस खात्यावर चढत नाही.