टी लोफ

टी लोफ म्हणजे काळ्या चहात रात्रभर भिजवलेले बेदाणे-मनुके, मैदा, ब्राउन शुगर आणि एक अंडं एवढ्यावर होणारा, पावाच्या लांबट टिनमध्ये भाजलेला गोड ब्रेड, किंवा केक म्हणा, तो दोन्हीच्या मधेच कुठेतरी बसतो. मूळचा ब्रिटन आणि आयर्लंडचा. मिश्रणात लोणी-तेल अजिबात पडत नाही, बीटर लागत नाही, फेटत बसावं लागत नाही, त्यामुळे ज्यांनी बेकिंग नुकतंच सुरू केलंय त्यांनी पहिला हाच करावा असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडे बेकरीत 'टी केक' मिळतो त्याच्याशी याची हमखास गल्लत होते. तो चहाबरोबर खायचा म्हणून टी केक, त्यात चहा नसतो, आणि यॉर्कशायरमध्ये टीकेक मागितला तर चपटा गोल बन हातात येतो. टी लोफमध्ये चहा खरोखर आत असतो.

याचं सगळ्यात प्रसिद्ध रूप वेल्समधलं, त्याला बारा ब्रीथ म्हणतात. हा बारा आपल्या बारा आकड्यातला नाही, वेल्श भाषेत बारा म्हणजे पाव आणि ब्रीथ म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा. आयर्लंडच्या बार्मब्रॅकच्या आयरिश नावाचा अर्थही तोच, ठिपकेदार पाव. जुन्या पद्धतीचे हे दोन्ही पाव यीस्ट घालून फुगवायचे, चहात मेवा भिजवून बिनयीस्टचा करायची पद्धत नंतरची, आणि आयर्लंडमध्ये त्या प्रकाराला वेगळं टी ब्रॅक असंच म्हणतात. बार्मब्रॅक हॅलोविनला करतात आणि त्यात अंगठी लपवतात, ज्याच्या कापात अंगठी निघेल त्याचं वर्षभरात लग्न होणार अशी समजूत, पूर्वी नाणं, कापडाचा तुकडा, वाटाणा असलंही काय काय घालायचे, नाणं आलं तर पैसा, कापड आलं तर गरिबी. १८६५ मध्ये मिमोसा नावाच्या जहाजातून वेल्समधली साधारण दीडशे माणसं अर्जेंटिनात पॅटागोनियाला जाऊन वसली, तिथल्या चहाघरांत आजही वेल्श पद्धतीचा चहा आणि त्याच्यासोबत काळपट फ्रूट केक मिळतो, पण तो लोणी-सुकामेवा घातलेला बराच जड प्रकार आहे.

घरी हा इतका सोपा झाला त्याचं श्रेय सेल्फ रेझिंग फ्लोअरला, म्हणजे बेकिंग पावडर आधीच मिसळलेल्या मैद्याला. ब्रिस्टलच्या हेन्री जोन्स या बेकरने १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. आपल्याकडे ते पीठ सहज मिळत नाही पण अडत काही नाही, २७५ ग्रॅम मैद्यात अडीच-तीन छोटे चमचे बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घालून दोनदा चाळलं की झालं.

आता चहा, कारण खरी गोम इथेच आहे. ३५० ग्रॅम बेदाणे-मनुके आणि २०० ग्रॅम ब्राउन शुगर एका भांड्यात घ्यायची, त्यावर ३०० मिली कडक गरम कोरा चहा ओतायचा, झाकायचं आणि सकाळपर्यंत विसरून जायचं. मेवा कोरडा घातला तर तो भाजताना पिठातलं पाणी ओढून घेतो आणि लोफ भुसभुशीत, कोरडा होतो, भिजलेला मेवा मात्र टम्म फुगलेला असतो आणि लोणी नसूनही लोफ ओलसर राहतो तो त्याच्यामुळेच. चहाचा तुरटपणा एवढ्या साखरेला आणि मेव्याला आवर घालतो, नुसत्या पाण्यात भिजवून केलात तर नुसता गोडमिट्ट लागेल. भिजवण्यात घाई करू नका प्लीज, तासाभरात उरकलेला टी लोफ आणि रात्रभर भिजवलेला टी लोफ यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. चहा आपल्या सवयीने उकळायचा नाही, उकळत्या पाण्यात तीन छोटे चमचे पावडर टाकून चार-पाच मिनिटं झाकून गाळायचा, दूध नाही, आलं नाही. आसामचा चहा उत्तम. सकाळी उरलेला चहा ओतून टाकायचा नाही, तो सगळाच्या सगळा लोफमध्ये जातो.

बेदाण्यांच्या बाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे, सांगली-तासगावचा बेदाणा आपल्या हाताशी आहे आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय. फक्त तो वाळवण्याआधी द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात, म्हणून आधी कोमट पाण्याने धुऊन घ्या. ब्रिटनमध्ये त्याच्याबरोबर करंट घालतात, म्हणजे ग्रीसकडच्या बारीक काळ्या द्राक्षांचे मनुके, त्याच्याऐवजी बिनबियांचे काळे मनुके अर्धे घ्यायचे, ठिपके दिसायला काळा रंग हवाच.

दुसऱ्या दिवशी त्यात एक अंडं फेटून, मैदा आणि थोडी दालचिनी-जायफळ पूड घालायची आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवायचा, जास्त घोटलं तर चिवट होतो. मिश्रण घट्टसर असतं, म्हणून मेवा सहसा तळाशी बसत नाही. अंडं खात नसाल तर तीन मोठे चमचे दही घाला, पोत जरा घट्ट येतो पण चव जात नाही. साधारण ९ इंची लोफ टिनला बटर पेपर लावून १६० डिग्रीला सव्वा ते दीड तास. हे तापमान केकपेक्षा कमी वाटेल पण साखर आणि मेवा भरपूर असल्याने जास्त आचेवर वरचा थर करपतो आणि मध्य कच्चा राहतो. छोट्या ओटीजीमध्ये वरची कॉइल जवळ असते म्हणून तासाभराने वर फॉइल टाकावी. मधोमध सुरी घालून कोरडी निघाली की झाला.

गरम असताना कापायचा मोह आवरा, चुरा होतो. पूर्ण गार झाल्यावर फॉइलमध्ये गुंडाळून एक रात्र ठेवला की वरचं कवच मऊ पडतं आणि चव मुरते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो सगळ्यात छान लागतो. पाच-सहा दिवस टिकतो, पण कोकणात किंवा मुंबईच्या पावसाळ्यात दोन दिवसांनी फ्रिजमध्ये टाका नाहीतर बुरशी येईल. खाताना मात्र बोटभर जाड काप आणि त्यावर खारं बटर सढळ हाताने, पिठात नसलेलं लोणी इथे येतं. यॉर्कशायरकडे असल्या फ्रूट केकवर वेन्स्लीडेल चीजचा तुकडा ठेवून खातात. आणि पाचव्या दिवशी उरलेले काप जरा कडक झाले असतील तर तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजायचे, साखर कडेने खरपूस होते, वर पुन्हा बटर.