महागाई भत्ता आला कुठून? गिरणगावातल्या घरखर्चाची पार्श्वभूमी

महागाई भत्ता वाढला की बातमी होते. किती टक्के वाढला, थकबाकी कधी मिळणार, पेन्शनवाल्यांना काय, याची चर्चा कार्यालयांतून आणि घरांतून चार दिवस चालते. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना तो जानेवारी आणि जुलैपासून लागू होतो, आणि आता तो पगाराचाच भाग वाटावा इतका अंगवळणी पडला आहे. पण किमती वाढल्या की पगारही वाढला पाहिजे, ही गोष्ट आपल्याकडे मान्य झाली ती मुंबईच्या परळ-लालबागच्या कापड गिरण्यांमध्ये, अनेक संपांनंतर. त्यासाठी आधी एक साधं वाटणारं काम करावं लागलं. कामगाराच्या घरात महिन्याचा पैसा नेमका कुठे जातो, हे मोजावं लागलं.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य, कापड आणि रॉकेलचे भाव भडकले. 1918 च्या सुरुवातीला शहरात धान्याची दुकानं लुटली गेली. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझाची साथ आली. गिरणीमालकांनी धान्य महाग झालं म्हणून पगारावर थोडी टक्केवारी चढवून दिली होती, पण ती त्यांच्या मर्जीची होती. जानेवारी 1919 मध्ये गिरण्या बंद पडल्या, लाखाहून अधिक कामगार बाहेर आले. जानेवारी 1920 मध्ये पुन्हा तेच झालं. मालक म्हणत, आम्ही वाढ दिली आहे. कामगार म्हणत, ती वाण्याच्या दुकानातच संपते. कोणाचं खरं, हे ठरवायला हातात आकडाच नव्हता.

तो काढण्यासाठी 1921 मध्ये मुंबई सरकारने लेबर ऑफिस उघडलं. जुलै 1914 चे भाव 100 धरून राहणीमान खर्चाचा निर्देशांक दर महिन्याला छापला जाऊ लागला. मात्र त्यातलं प्रत्येक वस्तूचं वजन, म्हणजे एकूण खर्चातला तिचा वाटा, देशभरातल्या एकूण खपाच्या अंदाजावरून ठरवलेलं होतं, कामगाराच्या घरातल्या हिशेबावरून नव्हे. म्हणून 1921-22 मध्ये लेबर ऑफिसचे संचालक फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि 1923 मध्ये तिचा अहवाल आला. तपासनीस चाळींतल्या खोल्यांमधून फिरले. तांदूळ किती, डाळ किती, भाडं किती, कर्ज कोणाचं, व्याज किती, असं एकेका घरात बसून विचारलं गेलं.

निम्म्याहून जास्त पैसा खाण्यावर जात होता. बहुतेक घरं एका खोलीत राहत होती, आणि कितीतरी कुटुंबांच्या मानेवर सावकाराचं जू होतं. एकटे राहणारे पुरुष खानावळीत जेवत आणि उरलेलं गावी पाठवत. मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही मनीऑर्डर. कोकणातलं किंवा घाटावरचं घर त्या पैशांवर चालायचं. शेतसारा, देवाधर्माचं, बहिणीचं लग्न, सगळं त्यातून. पण निर्देशांक मुंबईतल्या बाजाराचा. गावाकडचं घर त्यात धरलेलं नव्हतं, आणि सावकाराचं व्याजही नव्हतं. मोजमापात जे आलं नाही त्याची भरपाईही मिळाली नाही. ही त्रुटी नावं बदलून पुढेही राहिली.

1932-33 मध्ये पुन्हा पाहणी होऊन 1933-34 हे पायाभूत वर्ष (म्हणजे ज्याचे भाव 100 मानले ते) धरलेली निर्देशांकाची नवी मालिका सुरू झाली. दुसरं महायुद्ध पेटल्यावर मार्च 1940 मध्ये गिरणी कामगारांनी महागाई भत्त्यासाठीच संप केला. मे 1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं आणि रेशनकार्ड घरातल्या ट्रंकेत दागिन्यांच्या शेजारी जाऊन बसलं. 1947 मध्ये औद्योगिक न्यायालयाने गिरण्यांतला किमान मूळ पगार महिना 30 रुपये ठरवला. तो मूळ आकडा तसाच राहिला आणि वर भत्ता चढत गेला. थोड्याच वर्षांत भत्ता मूळ पगारापेक्षा मोठा झाला. म्हणजे कामगाराच्या घरात येणाऱ्या पैशांचा मोठा भाग आता कारखान्यात ठरत नव्हता. तो ठरत होता निर्देशांकात कोणत्या तांदळाचा, कोणत्या धोतराचा, कोणत्या लुगड्याचा भाव धरला यावर.

इथेच 1963 चं प्रकरण घडलं. बाजारात भाव चढत होते, पण निर्देशांक त्या मानाने हलत नव्हता. घरी बायको सांगते ते खरं की सरकारी आकडा खरा, असा तो सवाल होता. ऑगस्ट 1963 मध्ये निर्देशांक दुरुस्त करा या मागणीसाठी मुंबई बंद झाली. सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. निर्देशांक खरोखरच कमी दाखवला जात होता, असं तिने नोंदवलं. आकडा दुरुस्त झाला आणि भत्ता वाढला. आकडेवारीतल्या चुकीसाठी रस्त्यावर उतरलेलं शहर मला फार मोठं वाटतं.

सत्तरचं दशक मात्र वेगळं होतं. 1972 चा दुष्काळ, रेशनवर आलेला लाल मिलो (परदेशी ज्वारी), मग ऑक्टोबर 1973 पासून खनिज तेलाच्या किमती जवळपास चौपट. एप्रिल 1973 मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार हाती घेतला, तो पुढच्याच वर्षी सोडून द्यावा लागला. 1974 मध्ये घाऊक किमतींची वाढ 25 टक्क्यांच्या वर गेली. रॉकेलच्या रांगेत बायका पहाटे डबा किंवा दगड ठेवून नंबर लावायच्या, घरची कामं उरकून परत यायच्या, आणि तोवर रॉकेल संपलेलं असायचं. वनस्पती तुपाचा डबा आला अशी कुजबुज झाली की गल्ली रिकामी व्हायची.

तेव्हा मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. समाजवादी मृणाल गोरे, मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या बायका एकत्र आल्या. हातात लाटणी घेऊन मोर्चे निघाले, ठरलेल्या वेळी घराघरांतून थाळ्या वाजल्या. तोवर महागाईचा लढा म्हणजे भत्त्याचा लढा आणि तो लढणारा कामगार पुरुष, असंच चित्र होतं. पण भत्ता महिन्याच्या शेवटी हातात पडतो. साखर आज संपते. महिन्याचं गणित रोज नव्याने मांडणाऱ्या बाईचा राग पहिल्यांदा राजकारणाच्या मध्यभागी आला तो या मोर्च्यांमधून.

सरकारचा उपाय उलट दिशेने आला. जुलै 1974 मध्ये अध्यादेश काढून वाढीव महागाई भत्त्याचा अर्धा भाग सक्तीने ठेवीत वळवला गेला. लोकांच्या हातात पैसा कमी आला तर भाव उतरतील, असा त्यामागचा हिशेब. ज्या घरात आधीच दुधाचा रतीब अर्ध्यावर आला होता, तिथे हा हिशेब कोणाला पटणार? लोकांनी आपापल्या वाटा काढल्या. घाऊक माल एकत्र आणून घरोघर वाटणारी मुंबई ग्राहक पंचायत 1975 मध्ये सुरू झाली. त्याच वर्षी प्रेमा पुरव यांनी खानावळी चालवणाऱ्या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. सावकाराच्या व्याजातून त्या सुटाव्यात, हा हेतू होता. 1921 च्या पाहणीत दिसलेलं तेच व्याज पन्नास वर्षांनीही गिरणगावात होतं.

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्यानंतर बहुतेकांच्या नोकऱ्या परत आल्या नाहीत. पगार गेला हे सगळे सांगतात. त्याच्यासोबत भावाशी बांधलेला पगारही गेला, हे कमी सांगितलं जातं. गिरणीतला माणूस वॉचमन झाला, हमाल झाला, भाजी विकू लागला. त्याच्या बायकोने पोळ्या लाटायला सुरुवात केली. या कामांना निर्देशांक नव्हता. डाळ महागली की डाळ पातळ होते, एवढंच.

दरम्यान खर्चाचं रूपही बदललं. 2022-23 च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरी कुटुंबांचा खाण्यावरचा वाटा सुमारे 39 टक्क्यांवर आलेला दिसतो, ग्रामीण भागात सुमारे 46. उरलेला पैसा भाडं, प्रवास, औषधं, मोबाईल आणि मुलांच्या फीमध्ये जातो. पण 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या किरकोळ किमतींच्या निर्देशांकात शिक्षणाचं वजन साडेचार टक्क्यांच्या आसपासच होतं. दोन मुलांची शाळा आणि क्लास सांभाळणाऱ्या घराला सरकारी महागाईचा दर खोटा वाटतो, त्याचं एक कारण इथे आहे. सरासरीत मुलं नसलेली घरंही मोजली जातात.

किमान वेतनाच्या अनुसूचीत असलेल्या उद्योगांसाठी महाराष्ट्रात दर सहा महिन्यांनी निर्देशांकानुसार विशेष भत्ता जाहीर होतो. 1963 च्या भांडणाचा तो थेट वारसा आहे. पण छोट्या दुकानातल्या, ठेकेदाराकडच्या माणसाला तो मिळतो का, हे तपासणारे निरीक्षक पुरेसे नाहीत. आणि घरकाम करणारी बाई पगारवाढ मागते तेव्हा तिच्या हातात कुठलंच परिपत्रक नसतं. "ताई, गॅस किती झालाय बघा, चार घरं करूनही पुरत नाही," असं ती म्हणते. समोरच्या घरात महागाई भत्ता त्याच महिन्यात वाढलेला असतो, आणि तिच्या दोनशे रुपयांवर घासाघीस सुरू होते.