मास्क म्हणजे चाळण नव्हे

फ्लूचा मोसम आला की एक मेसेज हमखास फिरतो. विषाणू ०.१ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), मास्कची भोकं त्याहून कितीतरी मोठी, मग खिडकीच्या जाळीने वाळू अडणार कशी? सोबत मास्क लावून धूर सोडणाऱ्या माणसाचा व्हिडिओ. आकडे साधारण बरोबर असतात, म्हणून मेसेज पटतो. मला काळजी वाटते ती हा समज वॉर्डातही भेटतो म्हणून. फ्लूच्या रुग्णाच्या तोंडाशी वाकून ज्या सिस्टरला, वॉर्डबॉयला काम करायचं असतं, त्यांना मास्क लावा एवढंच सांगितलं जातं. तो काम कसा करतो हे सांगितलं नाही, तर तो कुठे दगा देईल हेही त्यांना कळत नाही.

चाळणीचा नियम सोपा आहे: मोठं अडतं, बारीक खाली पडतं. एन-९५ मास्कमध्ये मात्र हा नियम जवळपास लागूच होत नाही. त्याचा मधला थर म्हणजे पॉलिप्रॉपिलीनच्या अतिशय बारीक तंतूंचा, पिंजलेल्या कापसासारखा गुंता. हवा त्यातून नागमोडी वाट काढत जाते. कण तंतूला नुसता टेकला तरी चिकटतो, कारण इतक्या लहान आकाराला पृष्ठभागाची ओढ सोडवत नाही. म्हणजे कण भोकात मावतो का, हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते हे, की तो वाटेत कुठल्या तरी तंतूला टेकतो का.

मायक्रॉनभराचा किंवा त्याहून मोठा कण जड असतो. हवा तंतूला वळसा घालून जाते, त्याला वळता येत नाही आणि तो सरळ जाऊन आपटतो. ०.१ मायक्रॉनहून लहान कणांची तऱ्हा वेगळी, आणि या विषयातला माझा सगळ्यात आवडता भाग हाच. इतक्या हलक्या कणाला हवेचे रेणू चहूबाजूंनी धक्के देत असतात. हीच ब्राउनीय गती, जिचं गणित आइनस्टाइनने १९०५ मध्ये मांडलं. असा कण सरळ जाऊच शकत नाही. तो सतत इकडून तिकडे भरकटतो, आणि तंतूंच्या दाट गुंत्यात भरकटणारा कुठे ना कुठे आपटतोच. कण जितका लहान, तितकी भटकंती जास्त आणि पकडला जाण्याची शक्यताही जास्त. चाळणीचं तर्कशास्त्र इथे पार उलटं होतं.

मग निसटतं कोण? मधल्या आकाराचं. आपटायला पुरेसा जड नाही, भरकटायला पुरेसा हलका नाही, असा कण. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनी गणिताने हा आकार ०.३ मायक्रॉनच्या आसपास काढला. म्हणूनच एन-९५ ची चाचणी साधारण त्याच आकाराच्या मिठाच्या कणांनी, मिनिटाला ८५ लिटर हवा खेचून घेतात. नावातले ९५ टक्के हे या अवघड परीक्षेतले किमान गुण आहेत. (‘एन’ म्हणजे तेलकट कणांसाठी नसलेला.)

त्यावर आणखी एक करामत आहे. या तंतूंवर टिकाऊ विद्युतभार बसवलेला असतो. टेनेसी विद्यापीठातल्या पीटर त्साई यांच्या या कामाचं पेटंट १९९५ चं. भारामुळे कण ओढले जातात, त्यामुळे तंतू विरळ ठेवता येतात आणि श्वास कोंडत नाही. भार असला की सर्वात अवघड आकार ०.३ वरून खाली, ०.१ मायक्रॉनच्याही खाली सरकतो. पण विषाणू सहसा सुटा फिरत नाही. खोकल्याच्या थेंबातलं पाणी उडून गेल्यावर उरलेल्या क्षार-प्रथिनांच्या गोळ्यात तो असतो आणि हा गोळा विषाणूहून मोठा असतो. एक गोष्ट मात्र प्रत्येक वॉर्डात लिहून लावावी: अशा मास्कवर सॅनिटायझर किंवा स्पिरिट मारू नका. भार निघून जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो.

आता तो व्हिडिओ पुन्हा पाहा. धूर बहुतेक वेळा कापडातून येत नाही, नाकाच्या दोन्ही बाजूंनी आणि गालापाशी निघतो. गाळणी कितीही चांगली असली तरी हवा फटीतूनच आतबाहेर करणार. म्हणूनच फिट टेस्ट, म्हणजे मास्क चेहऱ्याला फट न ठेवता बसतो का याची चाचणी. खुर्चीवर बसलेल्या सिस्टरच्या डोक्यावर पारदर्शक टोप घालतात. आधी मास्क न लावता टोपात गोड चवीच्या सॅकरिनचा बारीक फवारा मारून तिला चव कळते ना, हे पाहतात. मग मास्क लावून पुन्हा फवारा. तिने साधा श्वास घ्यायचा, खोल श्वास घ्यायचा, मान डावी-उजवीकडे, वर-खाली करायची, मोठ्याने वाचायचं, कमरेत वाकायचं. मान वळवताना जिभेला गोड लागलं, की हा मास्क तिच्या चेहऱ्याचा नाही. दुसरा साइज, दुसरी बनावट. दाढीचे खुंटही फट ठेवायला पुरेसे असतात. ही टेस्ट दरवर्षी व्हावी, आणि साथ यायच्या आधी व्हावी. अत्तराचा वास आला म्हणून मास्क फेकणाऱ्यांसाठी सांगते, वास हा वायूच्या सुट्या रेणूंचा असतो, कणांचा नव्हे. पाकिटावर ‘नॅनो’ छापलेल्या व्हॉल्व्हवाल्या मास्कला तर वॉर्डात जागाच नको. व्हॉल्व्हवाटे बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही, आणि फ्लू झालेला डॉक्टर लक्षणं दिसायच्या साधारण एक दिवस आधीपासून विषाणू सोडत असू शकतो.

एवढं भौतिकशास्त्र मनापासून आवडत असूनही एक निकाल सांगितलाच पाहिजे. अमेरिकेत २०११ ते २०१५ या काळात बाह्यरुग्ण विभागांतल्या कर्मचाऱ्यांवर मोठा प्रयोग झाला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. तपासणीत सिद्ध झालेला फ्लू एन-९५ गटात ८.२ टक्के, साध्या सर्जिकल मास्कच्या गटात ७.२ टक्के. म्हणण्यासारखा फरक नाही. माझ्या मते यात गाळणीचा पराभव नाही. मास्क रुग्णाजवळ असतानाच लावलेला होता. विषाणू तर सहकाऱ्यासोबत जेवताना आणि घरच्या मुलांकडूनही मिळतो. त्यामुळे नेहमीच्या फ्लूसाठी सर्जिकल मास्क आणि श्वासनलिकेत नळी घालताना एन-९५, ही विभागणी मला पटते. नवा, अनोळखी विषाणू असेल तर सुरुवातीपासूनच एन-९५.

मोसमी फ्लूत आपल्या हाती लस असते. तिचे घटक जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि सप्टेंबरमध्ये सुचवते, कारण विषाणू बदलत राहतो. टोचल्यावर संरक्षण यायला सुमारे दोन आठवडे लागतात, म्हणून ती मोसमाआधी घ्यायची. ताप अंगावर काढून ड्युटीला येणाऱ्याचं कौतुक थांबवायचं, हेही तयारीतच येतं. महामारीत हे हत्यार उशिरा येतं. २००९ चा एच१एन१ (स्वाइन फ्लू) एप्रिलमध्ये ओळखला गेला, ११ जूनला महामारी जाहीर झाली, लस लोकांपर्यंत पोहोचायला शरद ऋतू उजाडला. मधले सगळे महिने आरोग्य कर्मचाऱ्यांकडे होते मास्क, हात धुणं आणि वेळेत, शक्यतो लक्षणं दिसल्यापासून ४८ तासांत, सुरू केलेलं ऑसेल्टामिविर हे फ्लूवरचं औषध.

आणि मास्क काढणं? प्रशिक्षणात गाऊन-ग्लोव्ह्जवर अतिनील प्रकाशात चमकणारी पूड लावतात, मग ते सगळं उतरवायला सांगतात. आधी ग्लोव्ह्ज, मग गॉगल, गाऊन, आणि खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क, तोही मागच्या पट्ट्या धरून. मग दिवे मालवून निळा दिवा लावतात. घाई केली असेल त्याच्या मनगटावर आणि हनुवटीखाली पूड चमकताना दिसते. हात धुऊन तो पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.