'रूथलेस'मधला 'लेस' आणि 'डिसग्रंटल्ड'मधला 'डिस'

'रूथलेस' म्हणजे निर्दय. मग 'रूथ' म्हणजे दया का? हो, अगदी तेच. मध्ययुगीन इंग्रजीत हा शब्द सर्रास वापरात होता, 17व्या शतकात मिल्टनच्या कवितेतही तो भेटतो. पुढे 'रूथ' बोलण्यातून गेला, 'रूथलेस' तेवढा राहिला. 'अनकेम्प्ट'चंही तसंच. 'केम्प्ट' म्हणजे विंचरलेला, कंगव्याला इंग्रजीत म्हणतात तो 'कोम' त्याच कुळातला. म्हणजे गबाळ्या माणसाला 'अनकेम्प्ट' म्हणताना आपण मुळात त्याच्या न विंचरलेल्या केसांबद्दल बोलत असतो. 'अनकूथ'मधला 'कूथ' म्हणजे ओळखीचा. जो अनोळखी तो विचित्र, आणि मग अडाणी, असा हा शब्द घसरत गेला. परक्या माणसाकडे लोक कसं बघत होते ते यातून कळतं, म्हणून तो मला चटका लावतो.

याच रांगेत 'डिसग्रंटल्ड', म्हणजे नाराज, हाही बसवतात, तिथे मात्र गल्लत होते. 'ग्रंटल' म्हणजे खूश असणं नव्हे, कुरकुरत राहणं. इथला 'डिस' नकाराचा नाही, 'पुरता' अशा अर्थाचा आहे. जो पुरता कुरकुरतो तो नाराज. इंग्लिश विनोदी लेखक वुडहाउसने 1938 साली 'ग्रंटल्ड' खूश या अर्थी गमतीने वापरला. आज तो शब्दकोशांतही सापडतो, पण हा होकार मागाहून घडवलेला.

पेट्रोलच्या टँकरवरचा 'इन्फ्लेमेबल' याच दुसऱ्या जातीचा. पेट घेणारा, असाच त्याचा अर्थ. त्यातला 'इन' लॅटिनमधून आलेला, नकाराशी संबंध नसलेला. कुणी 'न पेटणारा' असं वाचलं तर जिवावर बेतेल, म्हणून तर सुरक्षेचं काम करणाऱ्यांनी 'फ्लेमेबल' लिहायचा आग्रह धरला.

तेव्हा उपसर्ग किंवा प्रत्यय काढल्यावर जे उरतं, ते पूर्वी खरंच उलट अर्थाने नांदत होतं का, एवढं तपासायचं.

आपल्याकडेही दोन्ही जाती आहेत. 'निर्घृण हत्या' आपण रोज वाचतो. आजची 'घृणा' म्हणजे किळस धरली तर त्याचा अर्थच लागत नाही. पण संस्कृतात 'घृणा' म्हणजे करुणाही. तो अर्थ मराठीत मावळला, 'निर्घृण' राहिला, म्हणजे हुबेहूब 'रूथलेस'. 'असुर' मात्र 'डिसग्रंटल्ड'च्या वाटेचा. ऋग्वेदात वरुणालाही आदराने 'असुर' म्हटलं आहे, तिथला 'अ' नकाराचा नाहीच. पुढे तो नकार समजला गेला आणि देवांसाठी 'सुर' हा शब्द तयार झाला.