चिनी औषधी बिया : खाण्यातील सुरक्षितता

चिनी घरात काढ्याची बी आणि सूपातली बी अनेकदा एकाच बरणीतून निघते. कमळाचे बी, तीळ, टाकळ्याचे बी यांबाबत त्याने फारसे बिघडत नाही. कडू जर्दाळूची बी आणि गिंको या झाडाचे बी यांचे मात्र तसे नाही. दोन्ही खोकला-दम्यावर देतात, पण ‘शिजवले की विष गेले’ हा समज दोघांबाबत वेगवेगळ्या कारणाने फसतो.

कडू जर्दाळूच्या बीत अमिग्डॅलिन हे सायनाइड सोडू शकणारे द्रव्य असते. चीनच्या औषधकोशाला, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथाला, ते किमान ३ टक्के लागते. बी चावली किंवा कुटून भिजवली की तिच्यातलेच विकर (एन्झाइम) ते फोडते आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. म्हणून दहापट उकळत्या पाण्यात बी सुमारे ५ मिनिटे ठेवतात, साल फुगली की गार पाण्यात टाकतात, चोळून सोलतात, वाळवतात. पाणी आधी खळखळ उकळलेले हवे. गार पाण्यातून तापवत नेले तर मरण्याआधी विकर आपले काम उरकते. उकळीने विकर निकामी होते, अमिग्डॅलिन राहतेच, आणि आतड्यातले जिवाणू त्यातून सायनाइड सोडू शकतात. ५ ते १० ग्रॅम ही मात्रा वैद्याने दिलेल्या काढ्याची, चावून खाण्याची नव्हे. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये मोठ्या माणसाला तीन लहान कच्च्या बियांपलीकडे धोका सांगितला; तान्ह्या-रांगत्या मुलाला एकही जास्तच.

दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांताच्या सूपात गोड ‘दक्षिणी’ आणि कडू ‘उत्तरी’ बी एकत्र पडते. कडू बी सहसा लहान, जाडसर. पण नजरेवर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे सुक्या जर्दाळूची कवची फोडून खातात, त्यातली कडू लागलेली बी सरळ थुंकावी.

गिंकोचे विष ब६ जीवनसत्त्वाच्या कामात आडवे येते. मेंदूला शांत ठेवणारे गाबा हे रसायन कमी पडते आणि झटके येतात. हे विष उष्णतेत टिकते, म्हणून इथे भाजण्या-शिजवण्यापेक्षा मोजणे महत्त्वाचे. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राच्या मते एका वेळी १० ते ५० शिजवलेल्या बियांनीही तीव्र विषबाधा होऊ शकते. उलट्या किंवा झटके साधारण १ ते १२ तासांत सुरू होतात. रुग्णालयात ब६ हाच उतारा देतात. लहान मुलांना मूठभर देणे म्हणजे शुद्ध अविचार. ताज्या फळाचा दुर्गंधी गर हाताला खाज आणि पुरळ आणतो, तेव्हा सोलताना हातमोजे घालावेत.

साठवणीतला धोका बुरशीचा. कमळाच्या बीसाठी औषधकोशात अफ्लाटॉक्सिन बी१ या बुरशीच्या विषाची मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम आहे. खवट वास आलेली किंवा तेल सुटलेली बी धुऊन-भाजून सुधारत नाही.