स्लाइडवरच्या अवस्थांचा क्रम कुणी लावला?

ठाणे-नवी मुंबईच्या ज्युनिअर कॉलेजांत पेशी विभाजन म्हटलं की कांद्याचं मूळ. वाशीच्या बाजारातून आलेला कांदा घरोघरी असतो, पाण्यावर ठेवला की चार दिवसांत मुळं फुटतात. प्राणिपेशीची मात्र तयार स्लाइड कपाटातून काढतात. मग जर्नलमध्ये कांद्याच्या पेशीलाही तारककेंद्रं, म्हणजे विभाजनाच्या वेळी पेशीच्या दोन टोकांना दिसणारे ठिपके, काढली जातात. ती तिथे नसतातच, पण पुस्तकातली आकृती प्राणिपेशीची असते ना!

खरी गंमत पुढे आहे. स्लाइडवरची प्रत्येक पेशी मेलेली, एकेका क्षणी थिजलेली. आधी काय, नंतर काय, हे तिच्यावर लिहिलेलं नसतं. १८५५मध्ये जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ फिर्खोने पेशीतूनच पेशी जन्मते असं ठासून सांगितलं, पण दरम्यान केंद्रकाचं काय होतं यावर वाद होता. ते विरघळून नव्याने तयार होतं, असं मानणारेही बरेच होते.

हा गुंता जर्मनीतल्या कील इथे वाल्थर फ्लेमिंगने सोडवला, तो सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या अळ्यांवर. निवड अचूक होती. या प्राण्याच्या पेशी मोठ्या, गुणसूत्रं जाडजूड आणि अळीचे पातळ भाग इतके पारदर्शक, की जिवंतपणीच भिंगाखाली विभाजन बघता येई. जिवंत पेशीत क्रम पाहायचा, रंगवलेल्या पेशीत बारकावे, आणि दोन्ही ताडून बघायचं. रंग मिळाले ते कापडधंद्याच्या कृपेने. १८५६मध्ये अठरा वर्षांचा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ पर्किन मलेरियावरचं औषध क्विनाइन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग लागला. त्यानंतर ॲनिलिन या कृत्रिम रंगांची रांगच लागली. केंद्रकातला जो भाग रंग पटकन धरतो, त्याला फ्लेमिंगने क्रोमॅटिन म्हटलं. १८८२च्या ग्रंथात त्याने 'मायटॉसिस' हा शब्द दिला. ग्रीक 'मिटॉस' म्हणजे धागा, आपलं 'सूत्री विभाजन' त्याच धाग्यावरचं. प्रत्येक धागा उभा चिरला जातो, हेही त्याने टिपलं. मेंडेलचं आनुवंशिकतेवरचं काम मात्र त्याच्यापर्यंत पोचलेलं नव्हतं.

विभाजनाच्या पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था या टप्प्यांची मूळ नावं १८८४मधली, स्ट्रासबुर्गर या वनस्पतिशास्त्रज्ञाची. म्हणजे कांद्याचाही हक्क आहेच! अंत्यावस्थेचं नाव हायडेनहाइनने १८९४मध्ये जोडलं.

मोजणीत मात्र बराच काळ चूक राहिली. माणसाची गुणसूत्रं ४८, असं तीसेक वर्षं पुस्तकांत छापलं जात होतं. पेशी कमी क्षारांच्या द्रावणात फुगवून गुणसूत्रं पांगवायची आणि कोल्चिसिन या रसायनाने विभाजन मध्यावस्थेत थांबवायचं, ही युक्ती हाती आल्यावर त्जिओ आणि लेवान या संशोधकांना ती ४६ दिसली. हे त्यांनी १९५६मध्ये प्रसिद्ध केलं.

कर्करोगाच्या गाठीचा तुकडा तपासताना पॅथॉलॉजिस्ट आजही याच आकृत्या शोधतात. स्तनाच्या कर्करोगाची श्रेणी ठरवताना ठरावीक क्षेत्रात विभाजन होत असलेल्या पेशी किती, हे मोजतात. खारघरच्या टाटा कर्करोग केंद्रात बायोप्सी दिलेल्या माणसाच्या रिपोर्टवर 'मायटोटिक काउंट' असा शब्द दिसला, तर तो फ्लेमिंगच्याच धाग्याचा.