बिनटाक्याचं मोतीबिंदू ऑपरेशन आणि काठमांडूत बनलेली लेन्स

परदेशातले डॉक्टर सुट्टी काढून गरीब देशात जातात, फुकट ऑपरेशन्स करतात, अशी बातमी आली की आपण आधी आकडा बघतो, किती पेशंट झाले ते. मला मात्र ते डॉक्टर विमानात बसून परत गेल्यावर तिथे मागे काय राहिलं हे जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि त्यासाठी नेपाळचं उदाहरण बघण्यासारखं आहे.

आधी मोतीबिंदू म्हणजे नक्की काय होतं ते बघू. डोळ्यातलं भिंग क्रिस्टलिन नावाच्या प्रथिनांनी गच्च भरलेलं असतं आणि त्यांची रचना इतकी नीट असते की उजेड आरपार जातो. पण भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं जन्मापासून तीच असतात, जुनी गेली नवी आली असं तिथे होत नाही, मग वय वाढतं तशी ती बिघडतात, एकमेकांना चिकटतात आणि अंड्याचा पांढरा भाग शिजल्यावर जसा दिसतो तसं भिंग दुधट होत जातं. यावर थेंब नाहीत की गोळी नाही, भिंग काढावंच लागतं.

पूर्वी नुसतं काढायचे आणि जाडजूड चष्मा द्यायचे. डोंगरातल्या गावात तो चष्मा फुटला की माणूस परत आंधळाच. नकली लेन्स तशी 1949 पासून आहे, लंडनच्या हॅरोल्ड रिडली यांनी पहिली बसवली. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यात विमानाच्या काचेचे, म्हणजे अॅक्रिलिक प्लास्टिकचे तुकडे घुसले होते आणि तरी डोळा त्यांना फारसा विरोध करत नव्हता, हे त्यांनी हेरलं होतं. पण पुढे कित्येक वर्षं एकेक लेन्स शंभर डॉलरच्या वर होती, नेपाळमधल्या शेतकऱ्याला कुठून परवडणार!

नेपाळचे डोळ्यांचे डॉक्टर संदुक रुइत हे ताप्लेजुंग जिल्ह्यातल्या ओलांगचुंग गोला या तिबेट सीमेजवळच्या गावातले, एमबीबीएस लखनौला आणि डोळ्यांचं शिक्षण दिल्लीच्या एम्समध्ये. 1985 मध्ये ऑस्ट्रेलियात काम करणारे डोळ्यांचे डॉक्टर फ्रेड हॉलोज नेपाळला आले, दोघांचं जमलं, आणि दोघांचंही म्हणणं एकच की गरिबाला दुय्यम ऑपरेशन द्यायचं नाही, लेन्स त्यालाही मिळाली पाहिजे. हॉलोज 1993 मध्ये गेले, पण त्यांच्या नावाच्या संस्थेच्या मदतीने काठमांडूत तिलगंगा हे डोळ्यांचं हॉस्पिटल 1994 मध्ये उभं राहिलं आणि तिथे लेन्सचा कारखानाही सुरू झाला. शंभर डॉलरची वस्तू पाचच्या आत आली. तसाच एक कारखाना आफ्रिकेत इरिट्रियाच्या अस्माराला.

आता ऑपरेशन. डोळ्याभोवती भुलीचं इंजेक्शन, मग बुबुळाच्या कडेजवळ पांढऱ्या भागात सहा-सात मिलिमीटरचा तिरका बोगदा करायचा, बाहेर अरुंद आणि आत रुंद, त्यातून पिकलेलं भिंग अख्खं बाहेर काढायचं, त्याचं पातळ आवरण मात्र मागे ठेवायचं कारण नवी लेन्स त्याच पिशवीत बसते. आणि गंमत म्हणजे टाका लागत नाही, डोळ्यातला दाबच आतून बोगद्याची झडप घट्ट मिटवतो. मोठ्या शहरात फेको करतात, अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घेतात, छान पद्धत आहे, पण मशीन महाग, वीज लागते, दुरुस्तीला माणूस लागतो, आणि दगडासारखं कडक झालेलं भिंग फोडायला इतकी ऊर्जा द्यावी लागते की समोरच्या पारदर्शक पडद्याच्या पेशी दुखावू शकतात. कॅम्पमध्ये तर बहुतेक मोतीबिंदू असेच पूर्ण पिकलेले.

मग दोन्हींची समोरासमोर तुलना झाली. नेपाळमध्ये 108 पेशंट, निम्म्यांचं रुइत यांनी हाताने केलं आणि निम्म्यांचं कॅलिफोर्नियाचे डेव्हिड चँग यांनी फेकोने. 2007 मध्ये निकाल छापून आला, सहा महिन्यांनी दोन्हीकडे 98 टक्के लोकांना, गरजेप्रमाणे चष्मा लावून, चांगलं दिसत होतं, आणि वेळ मात्र फेकोला सरासरी साडेपंधरा मिनिटं, हाताच्या पद्धतीला नऊ. आपल्या पुण्यातही एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात 400 पेशंटवर अशीच चाचणी झाली होती, तिथे सहा आठवड्यांनी चष्मा लावून दोन्ही गट सारखेच, विनाचष्मा फेको जरा पुढे. हेही सांगायलाच हवं. पण ज्याला समोरचं माणूस दिसत नव्हतं त्याच्यासाठी चष्म्याचा तो फरक फार छोटा आहे.

एव्हरेस्ट चढलेले अमेरिकन डॉक्टर जेफ्री टॅबिन 1995 मध्ये रुइत यांच्याबरोबर उभे राहिले, दोघांनी मिळून हिमालयन कॅटरॅक्ट प्रोजेक्ट काढला आणि पुढे हीच पद्धत घेऊन इथिओपियापर्यंत गेले. मला यातलं सगळ्यात आवडतं ते शिकवणं, बाहेरून आलेला सर्जन शेजारी बसून तिथल्या डॉक्टरचा हात तयार करतो. कारण काही पेशंटना महिन्या-वर्षांनी मागे ठेवलेलं ते आवरण धुरकट होतं आणि परत अंधुक दिसायला लागतं, उपाय सोपा आहे, लेझरने पाच-दहा मिनिटांत होतो, पण कॅम्पची टीम तोवर कधीच गेलेली असते, तेव्हा लेझर चालवणारं कुणीतरी त्याच जिल्ह्यात असावं लागतं.